अन्नछत्रापासून निधीपर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुंभकोणम् येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने मागे वळून पाहावे, आपल्या गणेशोत्सवांची, नाटकांची आणि हळदीकुंकवांची आठवण काढावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु परमुलखात स्थिरावलेल्या समाजाने अशा प्रसंगी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. ज्या गावाने आपल्याला आसरा दिला, त्या गावातील हातावर पोट असलेल्या माणसाच्या आपण कोणत्या उपयोगी पडलो, हा तो प्रश्न. म्हणून आजच्या भाषणासाठी मी विषय निवडला आहे तो असा : गावातील धर्मादाय संस्था अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला आर्थिक स्थैर्य कसे देऊ शकतात?

दान आणि स्थैर्य या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकच समजतो. वास्तविक त्या दोहोंमध्ये बरेच अंतर आहे. ते अंतर किती आहे आणि ते कोणी व कसे कापले, हेच आज मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

आरंभ आपल्याच वारशापासून करू. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठ्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनाबरोबर ते राज्य संपले. या राजघराण्याच्या विद्याप्रेमाची साक्ष सरस्वती महाल ग्रंथालय देते. त्याच्या दातृत्वाची साक्ष देतात ती छत्रे. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र ही नावे या भागात आजही परिचित आहेत. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला, तेव्हा सरफोजीराजांना मोठी चिंता वाटली ती या छत्रांची. १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांत काय काय चालते याचे सविस्तर वर्णन केले.

ते वर्णन वाचताना मन थक्क होते. ब्राह्मणापासून तथाकथित अस्पृश्यापर्यंत कोणत्याही वाटसरूस तेथे अन्न मिळे; ज्याला शिजवलेले अन्न चालत नसे त्याला शिधा मिळे. मध्यरात्रीपर्यंत वाटप चाले, आणि मग उरल्यासुरल्या भुकेल्यांना बोलावण्यासाठी घंटा वाजवली जाई. आजाऱ्यास औषध आणि पथ्य, बाळंतिणीस जे हवे ते, लहान मुलांस दूध मिळे. वाटेत आईबाप गमावलेल्या पोरांना पंतोजींच्या स्वाधीन करून तीन वेळा जेवू घालीत आणि शिकवीत. पुढे सरफोजीराजांनी छत्रांतील शाळांचा विस्तारही केला. त्या काळच्या समाजरचनेप्रमाणे पंगतींचे आणि सोवळ्याओवळ्याचे भेद तेथे पाळले जात होते, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. तरीही दारातून कोणी उपाशी परत जाऊ नये हा दंडक होता, आणि तो राज्य गेलेल्या राजाने आग्रहाने जपला.

आता याच वर्णनाकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू. छत्राने भुकेल्याची रात्र भागवली. पण सकाळी तो वाटसरू छत्रात शिरला होता तितकाच निर्धन होऊन बाहेर पडत असे. त्याला अपवाद एकच, आणि तो म्हणजे ते अनाथ मूल. त्याला अन्नाबरोबर अक्षरही मिळाले. अन्नाने त्याचा दिवस निभावला आणि अक्षराने, हिशेब येऊ लागल्याने, त्याचा पुढचा जन्म मार्गी लागण्याची शक्यता निर्माण झाली. छत्राच्या त्या एका कोपऱ्यात स्थैर्याचे बीज होते.

आपल्या गावातील अल्प उत्पन्नाचे कुटुंब कोणते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कावेरीच्या या खोऱ्यात शेतमजुराची मिळकत पाण्याबरोबर येते आणि पाण्याबरोबर जाते. मेट्टूरचे धरण प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडते, मग कुरुवैच्या भाताची कामे सुरू होतात. परंतु शाळा उघडतात त्याही जूनमध्येच, जेव्हा गेल्या सुगीचा पैसा संपलेला असतो. रेशीम विणणाऱ्याचे उत्पन्न लग्नसराईवर अवलंबून. आषाढात, म्हणजे येथल्या ‘आडी’ महिन्यात, लग्नकार्ये होत नाहीत आणि मागणी मंदावते. नाच्चियारकोविलचा समया ओतणारा कारागीर घ्या, की पानमळ्यात खुडणी करणारी बाई घ्या. वर्षाची बेरीज केली तर या माणसांची मिळकत अगदीच नगण्य नसते. त्यांना मारते ती तिची अनियमितता. पैसा येतो तेव्हा गरज नसते आणि गरज असते तेव्हा पैसा नसतो.

ही दरी सावकार भरून काढतो. येथे ‘तंडल’ नावाची एक पद्धत आहे. समजा, एका भाजीवालीने दहा हजार रुपयांचे कर्ज काढले. देणारा दीड हजार आधीच कापून घेतो आणि तिच्या हाती साडेआठ हजार ठेवतो. मग ती रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवस फेड करते. रोजचे शंभर रुपये तिला जड वाटत नाहीत. परंतु वार्षिक हिशेब मांडला तर हे व्याज शंभर टक्क्यांच्याही पुढे जाते. तीच रक्कम तिने महिना दोन टक्क्यांनी, राहिलेल्या मुद्दलावरच व्याज देऊन, तशाच हप्त्यांनी फेडली असती, तर शंभर दिवसांचे व्याज तीनशे रुपयांच्या आत बसले असते. वर्षातून तीन वेळा असे कर्ज काढणारी स्त्री साडेतीन हजारांहून अधिक रुपये केवळ हिशेबाच्या अज्ञानापायी आणि दुसरे दार उघडे नसल्यामुळे गमावते. जाचक व्याजाविरुद्ध तामिळनाडूत २००३ साली कायदा झाला, तो आवश्यकच होता. पण कायदा सावकाराचे दार बंद करू पाहतो. दुसरे दार उघडण्याचे काम त्याचे नव्हे.

दुसरा मार्ग सोन्याचा, आणि तो आपल्या फार जवळून जातो. आपल्या मंडळात जुन्या तंजावरी मराठी घराण्यांतील मंडळी आहेत, तशीच खानापूर, विटे, आटपाडीकडून दुष्काळाने बाहेर पडलेली आणि गलाईच्या धंद्यात नाव कमावलेली मंडळीही आहेत. तामिळनाडूत गरिबाची बचत म्हणजे बायकोच्या कानातले आणि गळ्यातले पवन-दोन पवन सोने. पवन म्हणजे आठ ग्रॅम. जूनमध्ये ते गहाण पडते, पोंगलला सुटते, पुन्हा गहाण पडते. ज्या वर्षी आजारपण येते त्या वर्षी ते सुटत नाही; त्याचा लिलाव होतो किंवा ते मोडीत निघते आणि अखेरीस कोणाच्या तरी मुशीत आटते. मोडीच्या दागिन्याला लागलेला कस आपण पाहतो. त्याच्यामागे एका घराची सगळी शिल्लक संपली आहे, ही गोष्ट कसोटीच्या दगडावर उमटत नाही. हा दोष आपल्या धंद्याचा नाही. तो प्रामाणिक कष्टाचा धंदा आहे. परंतु ज्याला हे ठाऊक आहे त्याने या बाबतीत इतरांपेक्षा अधिक विचार करावा, अशी अपेक्षा वावगी ठरू नये.

ही दरी ओलांडण्याचे प्रयत्न आपल्याच देशात, पुष्कळसे याच प्रांतात झाले. मद्रास इलाख्यात ‘निधी’ नावाच्या संस्था एकोणिसाव्या शतकात वाढल्या. मैलापूरचा हिंदू परमनंट फंड १८७२ सालचा. निधीचे सूत्र सोपे आहे : ठेवी सभासदांकडूनच घ्यावयाच्या आणि कर्जही सभासदांनाच द्यावयाचे. आपल्याकडील भिशीचीच ही नोंदलेली, हिशेबी आवृत्ती म्हणता येईल. फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात मद्रास सरकारला ग्रामीण पतपेढ्यांविषयीचा अहवाल सादर केला, आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच वर्षी आपल्या या गावात ‘कुंभकोणम् बँक’ स्थापन झाली. तीच पुढे सिटी युनियन बँक म्हणून देशभर पसरली, आणि तिचे मुख्य कार्यालय आजही येथेच आहे.

या इतिहासातील एक दुवा मराठी माणसाने विसरू नये असा आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच कुंभकोणममध्ये, तंजावरी मराठी कुटुंबात झाला. १८७५ ते १८८२ या काळात त्यांनी बडोद्याच्या विस्कटलेल्या कारभाराची घडी बसवली. त्याच बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली. सहकाराचा कायदा होण्याच्या पंधरा वर्षे आधी, महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी, अडीअडचणीला एकमेकांच्या उपयोगी पडावे म्हणून चालवलेली ही पेढी होती. भारतातील सहकारी पतसंस्थांच्या परंपरेत तिचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. परमुलखातील मराठी मंडळ केवळ उत्सवासाठी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मात्र त्या कथेचा शेवटही सांगितला पाहिजे. शंभराहून अधिक वर्षे चाललेली ती संस्था एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अडचणीत सापडली आणि ठेवीदारांवर संकट आले. तसेच १९०६ च्या ऑक्टोबरात मद्रासची अर्बथनॉट ही प्रतिष्ठित इंग्रज पेढी बुडाली तेव्हा असंख्य लहानमोठ्या ठेवीदारांची पुंजी गेली होती. त्या धक्क्यातूनच १९०७ साली इंडियन बँकेचा जन्म झाला. गरिबाची बचत ज्या संस्थेकडे असते तिची पुण्याई किंवा तिचे वय हे तारण होऊ शकत नाही. तारण असते ते वेळच्या वेळी उघड्यावर वाचून दाखवलेल्या हिशेबाचे.

आता आपल्या वेशीवरचे उदाहरण घेऊ. कुंभकोणमपासून काही मैलांवर तिरुभुवनम् आहे. तेथील कंपहरेश्वराचे मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथील रेशीम विणकरांमध्ये सौराष्ट्री भाषा बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आपल्यासारखीच तीही कधीकाळी उत्तरेकडून आली. विणकराची जुनी अडचण अशी की, मोठा व्यापारी त्याला रेशीम, जर आणि उचल देतो. उचल फिटेपर्यंत विणकराने दुसऱ्याकडे जावयाचे नाही आणि मजुरीचा दर तोच ठरवणार. उचल फिटण्याआधी घरात लग्न निघते, नवी उचल होते आणि माग जणू व्यापाऱ्याच्या दावणीला बांधला जातो. १९५५ साली तेथे रेशीम विणकरांची सहकारी संस्था निघाली. संस्था रेशीम आणि जर देते, ठरलेली मजुरी देते, साडी विकते आणि नफ्यातून सभासदाला बोनस देते. मजुरीतील अल्पसा भाग विणकराच्या बचत खात्यात जमा होतो आणि सरकार त्यात भर घालते. २०१९ साली तिरुभुवनमच्या साडीला भौगोलिक निर्देशनाचा मानही मिळाला. यंत्रमागाची स्पर्धा आणि रेशमाचे चढे भाव यांपुढे ही संस्था सर्वशक्तिमान आहे असे मी म्हणणार नाही. परंतु विणकर तेथे उचल मागणारा नोकर राहिला नाही, सभासद झाला. अडचणीच्या वेळी तो विनवणी करीत नाही; आपल्याच खात्यातून पैसा काढतो. माझ्या मते स्थैर्याची व्याख्या याहून निराळी नाही.

स्त्रियांनी तर ही गोष्ट अधिक लवकर ओळखली. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ची संस्था उभी राहिली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. या बायका गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालीत; कामगार महिन्याच्या शेवटी पैसे देत, आणि तोवर धान्य उधारीवर, चढ्या भावाने किंवा व्याजाच्या पैशाने भरावे लागे. प्रेमाताईंनी त्यांना धान्य वाटले नाही. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन एकमेकींच्या जामिनावर कर्ज मिळवून दिले. तामिळनाडूत १९८३ साली महिला विकास महामंडळ स्थापन झाले, १९८९ साली धर्मपुरी जिल्ह्यात बचत गटांचे काम सुरू झाले, आणि १९९२ साली नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला. बारा ते वीस बायका, ठरलेली बचत, गटातल्या गटात कर्ज, सहा-आठ महिन्यांनी बँकेचे अर्थसाहाय्य, अशी ही सुटसुटीत रचना आहे. व्याजही गटातच राहते, म्हणजे भाजीवालीने दिलेले व्याज वर्षअखेर तिच्याच शिलकीत दिसते.

तथापि कर्ज हे औषध आहे आणि त्याची मात्रा चुकली तर तेच विष होते. २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जाच्या कंपन्यांनी एकाच घरात तीन-तीन, चार-चार कर्जे देऊन जो अनर्थ केला तो सर्वश्रुत आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘गज’ चक्रीवादळाने आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. मिळकत थांबली, पण आठवड्याचे हप्ते थांबले नाहीत. अशा वेळी ज्यांच्याकडे केवळ कर्ज होते ती घरे खचली. ज्यांच्याकडे थोडी बचत आणि थोडा विमा होता त्यांना निदान श्वास घेण्यास अवसर मिळाला. आणि त्या पहिल्या आठवड्यात शिजवलेल्या अन्नाची गरज होती ती होतीच. तेथे छत्राला पर्याय नव्हता.

या सर्व अनुभवांतून गावातल्या धर्मादाय संस्थेने करावयाची कामे स्पष्ट दिसतात. संकटाच्या दिवशी अन्न, औषध आणि निवारा द्यावा, आणि तो विनाअट द्यावा. मुलाचे शिक्षण सुटू देऊ नये. त्यासाठी मदत वार्षिक समारंभाच्या मुहूर्तावर न देता जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. कुटुंबाला स्वतःच्या नावाचे खाते, गटाचे सभासदत्व आणि विमा मिळवून द्यावा. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी अपघात विम्याचा वार्षिक हप्ता अवघा वीस रुपये आहे, पण अर्ज भरून देणारा हात नसल्यामुळे तो पुष्कळांपर्यंत पोहोचत नाही. आणि त्या कुटुंबाला कर्जाचा हिशेब वाचावयास शिकवावे. यांपैकी शेवटच्या दोन कामांना पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो सुशिक्षित माणसाचा आठवड्यातील एक तास.

अध्यक्ष महाशय, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने जो निधी जमवला आहे त्याच्या विनियोगाविषयी निरनिराळी मते आहेत. कोणाला सभागृहाचा मजला वाढवावा असे वाटते, कोणाला मोठे अन्नदान करावेसे वाटते. दोन्ही इच्छा सत्प्रवृत्त आहेत. माझी सूचना एवढीच की, या निधीचा निदान तिसरा हिस्सा वेगळा काढून ठेवावा. मंडळाने स्वतः सावकार होऊ नये आणि कोणाच्या ठेवीही घेऊ नयेत. ते काम कायद्याने नोंदलेल्या संस्थांचे आहे. आपण या गावातील पाच-दहा बचत गट निवडावेत आणि त्यांच्या गंगाजळीत अनुदान म्हणून भर घालावी. मात्र एक अट असावी : त्या रकमेतून अवजार, शाळेचा खर्च आणि गहाण सोने सोडवणे या तीन कारणांसाठीच कर्ज मिळेल, आणि परत आलेला पैसा पुन्हा त्याच कामी लागेल. अन्नदानाचा रुपया एकदाच ताटात पडतो. हा रुपया दर वर्षी नव्या घरात जाऊन परत येतो. सोन्याची पारख आपल्या घरोघरी आहे. गहाण टाकणाऱ्या बाईला तिच्या दागिन्याचे खरे मोल विनामूल्य सांगण्याचे काम आपल्याइतके चांगले कोण करील?

आणि हे काम केवळ मराठी भाषकांपुरते राहू नये. सरफोजीराजांच्या छत्राच्या दारात भाषा विचारली जात नव्हती. ज्या तमिळ शेजाऱ्याने आपल्या आजोबांना पहिली खोली भाड्याने दिली, त्याच्या नातीचे कानातले मुशीपर्यंत जाऊ न देणे ही आपल्या येथील वास्तव्याची उतराई होय.

यश येईलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. काही कर्जे बुडतील, एखादा गट मोडेल. त्यासाठी दर तीन महिन्यांनी हिशेब मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचला जावा, आणि जे बुडाले तेही वाचले जावे. पाच वर्षांनी गावात दागिने सोडवून आणलेली पन्नास घरे दाखवता आली, तरी सुवर्णमहोत्सव हे नाव सार्थ झाले असे मी समजेन.